सिक्कीममधील प्राप्तिकरमाफी

चोग्याल राजवटीत सिक्कीममध्ये १९४८ च्या नियमावलीनुसार प्राप्तिकर आकारला जाई. १९७५ मध्ये सिक्कीम भारताचे घटक राज्य झाले. तथापि संविधानाच्या अनुच्छेद ३७१-च अन्वये तेथील जुने कायदे चालू राहिले. केंद्रीय प्राप्तिकर अधिनियम १९९०-९१ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाला. २००८ च्या वित्त अधिनियमाने सिक्कीमी व्यक्तींचे राज्यातील उत्पन्न, तसेच लाभांश व रोख्यांवरील व्याज पूर्वलक्षी प्रभावाने करमुक्त केले. ही माफी मुख्यत्वे १९६१ च्या प्रजाजन विनियमाखालील नोंदवहीवर आधारलेली असल्याने विलीनीकरणापूर्वी स्थायिक झालेली अनेक भारतीय कुटुंबे वगळली गेली. १ एप्रिल २००८ नंतर सिक्कीमेतर पुरुषाशी विवाह करणारी स्त्रीही अपात्र ठरे. पुरुषांवर असे बंधन नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हे दोन्ही भेद समतेच्या हक्काशी विसंगत ठरविले. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने ‘सिक्कीमी’ या संज्ञेची व्याख्या विस्तृत केली.