श्मशानांक, ‘मालतीमाधवा’चा

भवभूतीच्या (इ. स. 8 वे शतक) ‘मालतीमाधव’ या दहा अंकी संस्कृत प्रकरणातील (कल्पित कथेवरच्या नाटकातील) पाचवा अंक. भवभूती विदर्भातील पद्मपूरचा. नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ दाखवले. नायक माधवही विदर्भाच्या अमात्याचा मुलगा. प्रेयसी मालती मिळण्याची आशा संपल्यावर तो रात्री मसणात जाऊन भुतांना नरमांस विकायला उभा राहतो. समोर एक पिशाच प्रेताची कातडी सोलून मांस खाते, हाडांच्या सांध्यांतलेही सोडत नाही. काव्यशास्त्रकार मम्मटाने बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून या वर्णनाचाच श्लोक निवडला. तेवढ्यात कराला देवीच्या देवळातून मालतीची किंकाळी ऐकू येते. कापालिक अघोरघंट तिचा बळी देणार असतो. माधव त्याला ठार करतो.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (1897) कादंबरीतील रक्तपिपासू सरदार येथे नाही, पण वाचकाला खेचणारे सूत्र तेच आहे: प्रेम आणि मरण एकाच अंधारात भेटतात. नुसत्या किळसेने वाचक पुस्तक मिटून ठेवील. मालतीचा जीव टांगणीला लागलेला असतो, म्हणून तो पान उलटतो. मराठीत नारायण धारपांच्या ‘लुचाई’ने रक्तपिपासूंची भीती ओळखीच्या वस्तीत आणली. भवभूतीचे धाडस मात्र अधिक मोठे वाटते, कारण शृंगारप्रधान नाटकाच्या ऐन मध्यावर त्याने मसण मांडले.