सर्पवाम : शेपटीने वाळू खोदणारे मासे

ट्रॉलरचे जाळे रिते झाले की कोळंबी, ढोमा, माकूल अशा विकाऊ मासळीच्या ढिगात मधूनच एखादा लांबलचक, गोल अंगाचा, तपकिरी रंगाचा प्राणी वळवळताना दिसतो. ‘साप, साप’ अशी ओरड होते आणि काठीने उचलून तो पाण्यात भिरकावला जातो, नाहीतर तेथेच ठेचला जातो. पुष्कळदा तो खरोखरीचा समुद्रसर्प असतो. पण काही वेळा तो साप नसून अस्सल मासा असतो. कल्ल्यांनी श्वास घेणारा, विषारी दात नसलेला आणि आयुष्याचा बहुतेक काळ समुद्रतळाच्या वाळूत किंवा चिखलात गाडून घेऊन राहणारा. प्राणिशास्त्रात या माशांच्या कुलाला ‘ऑफिक्थिडी’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘ऑफिस’ म्हणजे साप आणि ‘इक्थिस’ म्हणजे मासा, या दोन शब्दांवरून हे नाव पडले. आपल्याकडे लांब अंगाच्या बहुतेक माशांना सरसकट ‘वाम’ किंवा ‘वांब’ म्हटले जाते. त्यामुळे या लेखापुरते या कुलाला ‘सर्पवाम’ म्हणू.

वाम माशांच्या ‘अँग्विलिफॉर्मिस’ या गणात गोड्या पाण्यातील वाम, खडकांच्या कपारीत राहणारे मोरे, खोल पाण्यातील काँगर अशी अनेक कुले येतात. त्यांत सर्पवामांचे कुल सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक आहे. साठच्या आसपास वंश आणि साडेतीनशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. तरीही सामान्य वाचकाला यातील एकाही जातीचे नाव ठाऊक नसते, याचे कारण त्यांच्या राहणीतच आहे. उष्ण व समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ किनारपट्टीवर ते विपुल आहेत. काही खाड्यांत आणि नद्यांतही शिरतात. मात्र दिवसा ते तळाच्या वाळूखाली असतात, आणि बाहेर असले तरी फार तर नाकाचे टोक नि दोन डोळे एवढेच वर दिसतात. आकारमानात विलक्षण तफावत आहे. काही जाती जेमतेम वीतभर, गांडुळासारख्या. तर मेक्सिकोच्या आखातातील ‘ऑफिक्थस रेक्स’ ही १९८० साली वर्णन केलेली जात दोन मीटरांहूनही लांब वाढते. मणक्यांची संख्या जातीनुसार ११० पासून २७० पर्यंत असते. माणसाच्या पाठकण्यात ३३ मणके असतात हे लक्षात घेतले म्हणजे या शरीराच्या लवचिकपणाची कल्पना येईल.

या कुलाचे सारे वैशिष्ट्य, आणि त्याच्या वर्गीकरणाची किल्लीही, शेपटीच्या टोकात आहे. बहुतेक माशांची शेपटी पंख्यासारख्या पराने संपते आणि तिचे काम पाणी मागे लोटण्याचे. सर्पवामांच्या ‘ऑफिक्थिनी’ या मोठ्या उपकुलात पुच्छपर दिसतच नाही. शेपटी निमुळती होत जाऊन एका कठीण, अणकुचीदार टोकात संपते. ही पोहण्याची शेपटी नव्हे, खोदण्याची. संकट दिसताच मासा शेपटीचे टोक वाळूत रोवतो, अंगाला वळसे देतो आणि पाहता पाहता उलटा आत सरकतो. तोंड शेवटी आत जाते. यात मोठी सोय आहे. शत्रूकडे पाठ न फिरवता माघार घेता येते आणि बिळात शिरल्यावर तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे भक्ष्याच्या दिशेला राहते. ‘मायरोफिनी’ या दुसऱ्या, लहान उपकुलात मात्र शेपटीचे टोक मऊ असते. पाठीचा आणि गुदाचा पर शेपटीभोवती एकमेकांस मिळून एक छोटा पुच्छपर शिल्लक असतो. या माशांना इंग्रजीत ‘कृमी-वाम’ अशा अर्थाचे नाव आहे.

शेपटीने खोदतात म्हणून डोक्याने खोदता येत नाही असे नाही. या बाबतीत आपल्याला जवळची असलेली ‘पिसोडोनॉफिस बोरो’ ही जात मोठी बोधप्रद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात तिचे वर्णन केले. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, खाड्यांत, नदीमुखांत ती आढळते. क्वचित भातशेतीतही ती शिरते, म्हणूनच तिला इंग्रजीत ‘भातखाचरातील वाम’ म्हणतात. लांबी सुमारे मीटरभर होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात या माशाच्या कवटीचा, स्नायूंचा आणि शेपटीचा बारकाईने अभ्यास केला. हा मासा डोके पुढे करूनही जमिनीत शिरतो आणि शेपटी पुढे करूनही. त्यामुळे त्याच्या शरीराच्या दोन्ही टोकांवर खोदकामाचा ठसा उमटला आहे. कवटी भक्कम, डोळे लहान, शेपटीच्या टोकाची हाडे आखूड आणि मजबूत. मोठे भक्ष्य पकडल्यावर तो दातांची पकड न सोडता स्वतःच्या अंगाभोवती गरगर फिरतो आणि तुकडा पिळून तोडतो. हातपाय नसलेल्या प्राण्याला मोठ्या घासाचे तुकडे करण्यासाठी याहून सोपी युक्ती सुचणे कठीण! वंशाच्या नावाचा अर्थ ‘वाटाण्यासारख्या दातांचा साप’ असा होतो. हे बोथट, गोलसर दात खेकड्यांची कवचे फोडायला उपयोगी पडतात. याच वंशातील दुसऱ्या एका जातीचे तर नावच ‘कँक्रिव्होरस’, अर्थात खेकडे खाणारी. मासे पकडणाऱ्या इतर वंशांचे दात मात्र तीक्ष्ण व आत वळलेले असतात.

वाळूत राहायचे तर श्वासाचा प्रश्न सर्वांत बिकट. सभोवतालची वाळू गळा दाबत असताना तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून बाहेर सोडायचे असते. सर्पवामांच्या गळ्याखाली याची खास तरतूद आहे. कल्ल्यांच्या झाकणाला आधार देणाऱ्या बारीक हाडांच्या काड्या इतर माशांत मोजक्या असतात. येथे त्या पुष्कळ असतात आणि डावी-उजवीकडच्या काड्या गळ्याच्या मध्यरेषेवर एकमेकींवर चढून एक प्रकारची टोपली विणतात. आल्बर्ट पार या संशोधकाने १९३० साली कृमी-वामांमधील या रचनेला ‘जुगोस्टेगालिया’ असे नाव दिले. आज ती या कुलाची मुख्य ओळख मानली जाते. दुसरी खूण नाकपुड्यांची. पुढची नाकपुडी लहान नळीसारखी पुढे आलेली असते, तर मागची बहुधा वरच्या ओठातून किंवा ओठाच्या आतल्या बाजूस उघडते. अंगावर खवले नसतात, त्वचा श्लेष्माने बुळबुळीत असते आणि श्रोणिपर नसतातच. छातीवरचे पर काहींत आहेत, काहींत खुणेपुरते, काहींत मुळीच नाहीत. भूमध्य समुद्रातील ‘अ‍ॅप्टेरिक्टस सीकस’ या जातीत तर एकही पर उरलेला नाही. लिनिअसने १७५८ साली तिला ‘आंधळी’ अशा अर्थाचे नाव दिले. वास्तविक तिला डोळे आहेत, पण अगदी बारीक. शिकार मुख्यतः रात्री आणि वासाच्या आधारे होते. ‘ब्रॅकिसोमोफिस’ वंशातील मासे मात्र वाळूतून केवळ डोके बाहेर काढून तासन्‌तास निश्चल राहतात आणि जवळून जाणारा मासा झडप घालून ओढतात. त्यांचे डोळे थेट थोबाडाच्या टोकाजवळ सरकलेले असतात.

टोकदार शेपटीचा आणखी एक विचित्र परिणाम मच्छीमारांना आणि मत्स्यशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. मोठ्या भक्षक माशाचे पोट फाडले असता, जठरात नव्हे तर जठराबाहेर उदरपोकळीत, आतड्यांना चिकटलेला सुकट सर्पवाम सापडतो. गिळला गेल्यावर सर्पवाम सवयीप्रमाणे शेपटीने वाट खोदू लागतो, जठराची भिंत भोसकून पलीकडे पडतो आणि तेथेच मरतो. भक्षकाचे शरीर त्या कलेवराभोवती आवरण तयार करते आणि भक्षक पुढे जगत राहतो. ब्रीडर आणि निग्रेली या अमेरिकी अभ्यासकांनी १९३४ साली गोबऱ्याच्या वर्गातील एका माशात घडलेल्या अशा प्रकाराची नोंद केली आहे. असे कलेवर पाहून हा परजीवी कृमी असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती फसलेल्या सुटकेची निशाणी असते.

प्रौढ मासा जितका दडलेला, तितकीच त्याची बाल्यावस्था उघड्या समुद्रावरची. सर्व वाम माशांप्रमाणे सर्पवामांच्या अंड्यांतूनही ‘लेप्टोसेफॅलस’ हा पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक डिंभ बाहेर पडतो आणि प्रवाहांबरोबर तरंगत राहतो. हा एक स्वतंत्र माशांचा वंशच आहे अशी एकोणिसाव्या शतकात समजूत होती. इटलीतील ग्रासी आणि कालांद्रुचो यांनी त्या शतकाच्या अखेरच्या दशकात, डिंभाचे वाममध्ये रूपांतर होताना प्रत्यक्ष पाहून तिचा निकाल लावला. सर्पवामांचा डिंभ ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या आतड्यावरील वळसे आणि फुगवटे. पण कुल ओळखले तरी जात ओळखणे अवघड. त्यासाठी डिंभाच्या अंगावरील स्नायूंचे पट्टे मोजतात, कारण त्यांची संख्या प्रौढाच्या मणक्यांच्या संख्येशी जुळते. मणके मोजण्याचे कंटाळवाणे वाटणारे काम या कुलात एवढे महत्त्वाचे ठरले ते यामुळेच. आता डीएनएच्या तपासणीने हे काम काहीसे सुकर झाले आहे.

वर्गीकरणाचा इतिहास हा बराचसा फसगतीचा इतिहास आहे. लिनिअसने आपल्याला ठाऊक असलेले सारे वाम ‘म्युरीना’ या एकाच वंशात घातले. स्वीडनच्या आल याने १७८९ साली ‘ऑफिक्थस’ हा वंश वेगळा काढला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत, एखादा पर आहे की नाही, दात टोकदार की बोथट, अशा वरवरच्या लक्षणांवरून नवनवे वंश निघत राहिले. खोदण्याच्या राहणीत पर झडणे आणि डोळे लहान होणे हे वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडू शकते, हे ध्यानी आले नव्हते. शेपटीला पर असल्यामुळे कृमी-वामांना तर निराळे कुलच मानले जाई. हाडांच्या अभ्यासातून ही समजूत दूर झाली. विल्यम गोस्लाइन यांनी १९५१ साली हवाई बेटांवरील जातींचा अस्थिविषयक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे जॉन मॅकॉस्कर यांनी १९७७ साली संपूर्ण कुलाची अस्थिरचना तपासून दोन उपकुले आणि त्यांखालील गट निश्चित केले. आजही त्यांचीच चौकट पायाभूत मानली जाते. या चौकटीतही अपवाद आहेतच. ‘बेंथेन्केलिस’ हा मोठ्या डोळ्यांचा मासा कृमी-वामांच्या उपकुलातला, पण त्याने बीळ सोडून खुल्या पाण्यातच मुक्काम ठोकला आहे.

या साऱ्या फसगतींत सर्वांत देखणी फसगत ‘मायरिक्थिस कोलुब्रिनस’ या जातीची. हिंदी-प्रशांत महासागरातील प्रवाळखडकांलगतच्या वाळूवर हा मासा फिरतो. फिकट अंगावर काळे आडवे पट्टे, हुबेहूब ‘लॅटिकॉडा’ वंशातील विषारी समुद्रसर्पासारखे. शत्रू सापाच्या भीतीने त्याच्यापासून दूर राहतात, असा या पट्ट्यांचा अर्थ लावला जातो. गंमत अशी, की बोडार्टने १७८१ साली या माशाला ‘सापासारखा’ म्हणून ‘कोलुब्रिनस’ हे नाव दिले आणि श्नायडरने १७९९ साली त्या समुद्रसर्पालाही ‘कोलुब्रिना’ हेच नाव दिले.

मात्र आपल्या किनाऱ्यावर ही फसगत गमतीची राहत नाही. सिंधुदुर्गच्या समुद्रात ‘हायड्रोफिस शिस्टोसस’ हा चोचदार थोबाडाचा समुद्रसर्प जाळ्यात वारंवार येतो आणि त्याचे विष जहाल आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होणारी आपल्याकडील प्रतिविषाची लस या दंशावर भरवशाची नाही. म्हणून सापाला मासा समजणे हे माशाला साप समजण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. ओळख पटवण्यासाठी पाठीवरच्या पराकडे पाहू नये, कारण काही सर्पवामांना तो नसतोच. शेपूट पाहावी. समुद्रसर्पाची शेपूट वल्ह्यासारखी उभी चपटी असते. सर्पवामाची गोल आणि टोकदार, किंवा कृमी-वाम असल्यास बारीक पराची झालर असलेली. डोक्यामागे दोन्ही बाजूंस कल्ल्याची फट असेल तर तो मासा. अंगावर खवले असतील आणि फट नसेल तर तो साप. ही तपासणी अंतर ठेवून, डोळ्यांनीच करावी. निपचित पडलेल्या समुद्रसर्पालाही हात लावणे धोक्याचे असते. सर्पवामाला विष नसले तरी मोठ्या जातींचा चावा चांगलाच रक्त काढतो.

फेकून दिला जाणारा हा मासा विज्ञानाला नवा असण्याची शक्यताही कमी नाही. चौधरी यांनी १९१६ साली चिल्का सरोवरातून ‘ऑफिक्थस चिल्केन्सिस’ ही जात वर्णिली. त्यानंतर शंभर वर्षांनीही भर पडतेच आहे. अंदमान समुद्राच्या खोल पाण्यातून २०१९ साली मिळालेल्या जातीला मॅकॉस्कर यांचे नाव देण्यात आले. बंगालच्या उपसागरातील आणखी एका जातीचे २०२० साली ‘ऑफिक्थस कैलाशचंद्राई’ असे नामकरण झाले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे तत्कालीन संचालक कैलाश चंद्र यांच्यावरून. अशा जातींचे नमुने पुष्कळदा खास मोहिमांतून नव्हे, तर मासेमारी बंदरावर बाजूला टाकलेल्या फुटकळ मासळीच्या ढिगातूनच अभ्यासकांच्या हाती लागतात.