तार, गुपित आणि सत्ता

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. अखेरच्या दिवशी तारघरांत लोकांनी गर्दी केली. आयुष्यात कधी तार न पाठवलेल्यांनीही हौसेने एकमेकांना तारा केल्या. मराठी घरांत मात्र तारेची आठवण हौसेची नव्हे. दारात तारवाला दिसला की पाकीट उघडण्याआधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावत. आपल्या कथा-नाटकांतही तार आली ती बहुधा अशुभाची दूती म्हणूनच. या निरोपसमारंभाच्या जेमतेम महिनाभर आधी, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिली, आणि समुद्राखालील केबलमधून वाहणारा मजकूर सरसकट टिपला जातो हे जगाला कळले. त्या उन्हाळ्यात या दोन बातम्यांचा परस्परसंबंध फारसा कोणी जोडला नाही. आम्हाला मात्र ती एकाच धाग्याची दोन टोके वाटतात. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदेचा खासगीपणा आणि राष्ट्राराष्ट्रांतील तंत्रस्पर्धा यांविषयी आज जी चर्चा चालते, तिचा पूर्वेतिहास तारेच्या इतिहासात बराचसा लिहून ठेवलेला आहे.

हिंदुस्थानात तार आली ती राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही ठाणी तारेने जोडली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती सर्वसामान्यांस खुली झाली. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याकडे बंडाची वार्ता गेली, ती लाहोरला पोचली, आणि १३ मे रोजी तेथील हिंदी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. मेरठची हीच वार्ता लंडनला पोचायला मात्र सुमारे दीड महिना लागला, कारण समुद्रातून तार गेलेली नव्हती. देशातल्या देशात वीजवेगाने धावणारी बातमी किनाऱ्यावर येऊन जहाजाची वाट पाहत बसते, हे साम्राज्याला परवडण्यासारखे नव्हते. तांबड्या समुद्रातला पहिला प्रयत्न फसला. अखेर १८७० च्या आरंभी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज मुंबईस आले आणि तेथून एडनच्या दिशेने केबल सोडत निघाले. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्रमार्गे जोडली गेली.

या केबलला पाण्यापासून वाचवणारे वेष्टन गटापर्चाचे असे. मलय द्वीपसमूहातील झाडांचा हा चीक. त्यासाठी झाडेच्या झाडे तोडली गेली. हा कच्चा माल, केबल बनवणारे कारखाने आणि ती टाकणारी जहाजे, या तिन्ही बाबतींत ब्रिटिशांची जवळजवळ मक्तेदारी होती. एकोणिसावे शतक संपताना जगातील निम्म्याहून अधिक समुद्री तारा ब्रिटिश मालकीच्या होत्या. या परावलंबनाची किंमत इतर राष्ट्रांना बोअर युद्धात कळून चुकली. त्या काळात ब्रिटिशांनी एडनसारख्या ठाण्यांवर सेन्सॉर बसवले आणि परकीयांच्या तारांनाही त्यांची नजर चुकवता येईना. फ्रान्स आणि जर्मनी स्वतःच्या केबल टाकण्याच्या मागे लागले ते यानंतर अधिक नेटाने. बिनतारी संदेशवहनाकडे जर्मनीचे लक्ष वळले त्याच्या कारणांपैकी हे एक.

आजच्या अर्धवाहक चिपांची कथा वाचताना गटापर्चाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. अतिसूक्ष्म चिप घडवण्यास लागणारे अतिनील प्रकाशयंत्र बनवणारी कंपनी एक, नेदरलंड्समधील. त्या चिपांचे सर्वाधिक उत्पादन होते तैवानात. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिपा आणि त्यांची यंत्रसामग्री चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन आणले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी नियमांत अनेकदा फेरबदल झाले. पण नाडी कोणाच्या हाती, हा प्रश्न कायम राहिला. जानेवारी २०२५ मध्ये ‘डीपसीक’ या चिनी कंपनीने आपले नवे प्रारूप खुले केले आणि अमेरिकन शेअरबाजार हादरला. कोंडी केलेला प्रतिस्पर्धी दुसरी वाट शोधतो, हा धडा एका शतकापूर्वी बिनतारी यंत्रानेही शिकवला होता.

येथवरची कथा राष्ट्रांची झाली. माणसाच्या गुपिताचे काय?

पत्र आणि तार यांतला मूलभूत भेद असा की पत्र लखोट्यात बंद करता येते, तार करता येत नाही. तारमास्तराने मजकूर वाचल्याखेरीज तो पुढे जातच नाही. वाचले जाणे ही त्या सेवेची अटच होती. व्यापाऱ्यांनी यावर संकेतकोशांचा तोडगा काढला. एका शब्दात अख्खे वाक्य बसवायचे, म्हणजे शब्दागणिक आकारला जाणारा पैसाही वाचे आणि मजकूरही झाके. सामान्य माणसाला ती सोय नव्हती. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय तारकरारात एका कलमाने तारांच्या गुप्ततेची हमी दिली, आणि त्याच करारातील दुसऱ्या कलमाने राज्याच्या सुरक्षेला धोकादायक वाटणारी खासगी तार अडवण्याचा अधिकार सरकारांकडे राखून ठेवला. आपल्याकडील १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमात सार्वजनिक आणीबाणी आणि सुरक्षा या शब्दांखाली हाच अधिकार आला. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा टिकला. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, त्यातही संदेश अडवण्याची तरतूद आहेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. मात्र २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा आहे. हमी आणि अपवाद एकाच दस्तऐवजात शेजारी नांदण्याची ही परंपरा दीडशे वर्षांची म्हटली पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्याला पुन्हा तारघराच्या खिडकीशी आणून उभे केले आहे. दोन माणसांतला संदेश आता कूटलेखनाने झाकता येतो, वाटेतल्याला तो वाचता येत नाही. परंतु जेव्हा आपण यंत्रालाच प्रश्न विचारतो, तेव्हा वाटेतला आणि समोरचा हे दोघे एकच असतात. मजकूर उघडा करून दिल्यावाचून उत्तर मिळत नाही. आणखी एक साम्य गमतीचे आहे. तार शब्द मोजून पैसे घेई, यंत्र मजकुराचे तुकडे मोजून घेते. आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक पडतात, असे अनेक प्रारूपांच्या बाबतीत दिसून आले आहे. भेद आहे तो स्मरणाचा. तारमास्तर दिवसाकाठी शेकडो तारा पाहून विसरून जाई. यंत्राला दिलेला मजकूर साठवला जाऊ शकतो, आणि त्यातून पुढचे यंत्र घडवलेही जाऊ शकते.

मग कोणत्या राष्ट्राच्या यंत्रावर विश्वास ठेवावा? हा प्रश्न पडला की आम्हाला १९१७ ची एक तार आठवते. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीतील जर्मन केबल कापल्या होत्या. पुढे शांततेच्या वाटाघाटींसाठी म्हणून तटस्थ अमेरिकेने आपली राजनैतिक तार जर्मनीला वापरू दिली. तीवरूनच जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान याने मेक्सिकोला युतीचा प्रस्ताव पाठवला. ही तार ब्रिटनमधून जात होती, आणि ब्रिटिशांनी ती वाचली. आपण मित्रवत् तटस्थाची तार वाचतो हे उघड होऊ नये म्हणून त्यांनी मेक्सिकोतील तारघरातून त्याच संदेशाची दुसरी प्रत मिळवली आणि ती पुढे केली. अमेरिका एप्रिलमध्ये युद्धात उतरली. या प्रकरणात जर्मनीचे गुपित फुटले हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेचेही फुटले होते, ते मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

भारत आज बराचसा त्या तटस्थाच्या जागी आहे. २०२५ च्या आरंभी अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर अमेरिकन ‘चॅटजीपीटी’ आणि चिनी ‘डीपसीक’ दोन्ही वापरू नयेत अशी सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली. ती योग्यच होती, परंतु सरकारी कागदांपुरती. आपल्या वर्गातील विद्यार्थी या यंत्रांना कवितेचा अर्थ विचारतात, निबंध तपासायला देतात, आणि शिक्षकाला वा आईबापांना सांगता येणार नाहीत अशा गोष्टीही त्यांच्यापाशी बोलतात. त्यांच्यासाठी कोणते मंत्रालय सूचना काढणार?

२०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्रातील काही केबल तुटल्या. ‘ग्रेट ईस्टर्न’ गेले होते त्याच समुद्रातून आपले शब्द आजही बाहेर जातात. वाट बदललेली नाही, आणि ती एकट्या विद्यार्थ्याला वा शिक्षकाला बदलताही येणार नाही. परंतु एक गोष्ट आपल्या हातची आहे. साहित्याच्या वर्गात आपण निवेदक कोण, श्रोता कोण, हे विचारायला शिकवतो. त्याच सवयीने, हा मजकूर आणखी कोण वाचतो आहे, तो वाचणाऱ्यापाशी किती काळ राहणार आहे, आणि त्याला आवर घालणारा कायदा कोणता, हेही विचारायला शिकवले पाहिजे. तारघराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला मास्तरचा चेहरा तरी दिसत होता. आपल्याला तोही दिसत नाही, म्हणून हे प्रश्न अधिक निकडीचे.