मेळघाटातील वनपर्यटन

मेळघाट हा सातपुडा पर्वताच्या गाविलगड रांगेत वसलेला, वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरील वनप्रदेश आहे. त्याचा मोठा भाग अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी या तालुक्यांत येतो. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याची डोंगरी कडही त्यालाच लागून आहे. अनेक घाटांचा मेळ जेथे होतो तो मेळघाट, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. गिरिस्थान, किल्ले, जंगलसफारी, पक्षिनिरीक्षण आणि पदभ्रमण या कारणांनी येथे पर्यटक येतात.

भूप्रदेश

खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या येथे उगम पावून तापीला मिळतात. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात; या नदीकाठचे सागवान पाहिले की नाव सार्थ वाटते. जंगल शुष्क पानझडी प्रकारचे असून साग व बांबू यांचे प्राबल्य आहे. उन्हाळ्यात ते उघडेबोडके होते, पहिल्या पावसानंतर मात्र आठवड्याभरात ओळखू येत नाही. चिखलदऱ्याजवळील वैराट (१,१७८ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर होय.

चिखलदरा

समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण मानले जाते. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी आख्यायिका आहे. भीमकुंड हे त्याच कथेशी जोडलेले आहे. इंग्रज अंमलदारांना १८२३ मध्ये या जागेचा परिचय झाला. येथे कॉफीची लागवडही होते, ही बाब बाहेरच्या प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. देवी पॉइंट व पंचबोल पॉइंट येथे पावसाळ्यात धुके आणि धबधबे पाहण्यासाठी गर्दी लोटते. सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. शांतता हवी असणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या दिवसांत यावे हे उत्तम. परतवाड्याहून घटांगमार्गे व धामणगाव गढीमार्गे असे दोन रस्ते वर येतात. मोठे रेल्वे स्थानक बडनेरा येथे आहे.

गाविलगड व नरनाळा

चिखलदऱ्यालगतचा गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात बांधविला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी तो जिंकला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग या लढाईत धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. हा इतिहास ठाऊक असेल, तर पडक्या तटावरून दिसणारी दरी निराळी भासते.

नरनाळा अकोट तालुक्यात आहे. पायथ्याचे गाव शहानूर. १४८७ सालचा महाकाली दरवाजा, त्यावरील कोरीव लेख आणि सज्जे हे वऱ्हाडातील दुर्गशिल्पाचे उत्कृष्ट उदाहरण ठरते. नऊगजी तोफ व तलावही पाहण्यासारखे आहेत. किल्ल्याभोवतीचे अभयारण्य अवघे १२.३५ चौ.किमी.चे असले, तरी ते व्याघ्रप्रकल्पाचाच भाग असल्याने प्रवेश वनविभागाच्या नियमांनुसार मिळतो. गडावर मुक्काम करण्याचा बेत आखून येणाऱ्यांची येथे निराशा होते.

जंगलसफारी

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ मध्ये स्थापन झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याचा समावेश होता. सेमाडोह व कोलकास ही सिपनाकाठची जुनी पर्यटनकेंद्रे होत. वाघ, बिबट, अस्वल, गवा, सांबर व रानकुत्रे येथे आढळतात. तथापि डोंगराळ भूभाग आणि दाट वने यांमुळे ताडोब्याप्रमाणे व्याघ्रदर्शन सहज घडत नाही. केवळ वाघासाठी येणाऱ्याने हे आधीच जाणून असावे. पक्षिनिरीक्षकांसाठी मात्र मेळघाटाचे मोल मोठे आहे. १८८४ नंतर नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही त्याचे वास्तव्य दिसून आले.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची संधी वनविभाग नागरिकांना देतो. कडक उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात आणि चंद्रप्रकाश भरपूर असतो, म्हणून ही रात्र निवडलेली आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते.

स्थानिक समाज

कोरकू हा येथील प्रमुख आदिवासी समाज आहे. त्यांची भाषा मराठीशी नव्हे, तर मुंडा भाषाकुलाशी नाते सांगते. याच प्रदेशाचे नाव बालकांच्या कुपोषणामुळे १९९० च्या दशकापासून सतत चर्चेत राहिले आहे. वन्यजीवांसाठी गाभा क्षेत्र मोकळे करताना बोरी, कोहा, कुंड या गावांपासून पुनर्वसनाला प्रारंभ झाला. पुढे वैराटसह आणखी गावे हलविली गेली. मिळालेल्या सोयी अपुऱ्या असल्याच्या तक्रारीवरून काही पुनर्वसित कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. पर्यटक ज्या निर्मनुष्य कुरणात हरणे पाहतो, ते कुरण काही वर्षांपूर्वी कोणाचे तरी शेत असू शकते.

रेल्वेमार्गाचा प्रश्न

अकोला-खंडवा हा मीटरगेज मार्ग व्याघ्रप्रकल्पातून जात असे. धूळघाटजवळ चढण पार करण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःवरूनच जात. ते दृश्य पाहण्यासाठी प्रवासी खिडकीशी बसत. रुंदीकरणासाठी मार्ग बंद झाल्यानंतर, ब्रॉडगेज जुन्याच रेषेवरून न्यावे की जंगलाबाहेरून बुलढाणा जिल्ह्यातून वळवावे, यावर वाद झाला. वन्यजीवप्रेमींनी पर्यायी मार्गाची मागणी केली. २०२० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही केंद्राला तसे पत्र लिहिले. जुन्या मार्गाच्या समर्थकांनी वाढणारे अंतर व खर्च यांकडे लक्ष वेधले.