एका विकाराच्या नामकरणाचा इतिहास

रोगाला नाव देणे हे काम वरकरणी केवळ पंडिती वाटते. परंतु ते नाव ज्याला चिकटते त्याची नोकरी, त्याच्या सहीची किंमत व घरातील त्याच्या शब्दाचे वजन ही पुष्कळदा त्या नावावरच अवलंबून राहतात. 'याची बुद्धी शाबूत नाही' असा ध्वनी ज्यातून निघतो, ते नाव तर फारच जपून उच्चारावयास हवे. एचआयव्ही-बाधितांच्या स्मरणात, अवधानात व विचारांच्या वेगात कधी कधी जी क्षीणता आढळते, तिच्या नामकरणाचा चाळीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने विचारार्ह आहे.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. दोनच वर्षांनी, १९८३ साली, अशा पन्नास रोग्यांच्या मज्जासंस्थेतील विकारांचे वर्णन प्रसिद्ध झाले. काही रोगी नुकतेच ऐकलेले विसरत, वाचता वाचता त्यांचा धागा सुटे, चालताना पाय अडखळत, आणि ज्या गोष्टींत पूर्वी जीव रमे त्यांविषयी ते उदासीन होत. मरण समोर दिसणारा मनुष्य खिन्न व्हावयाचाच, असे समजून या लक्षणांची बोळवण करणे सोपे होते. दुसऱ्याच एखाद्या विषाणूवर संशय घेणेही सोपे होते. परंतु १९८५ साली एड्सच्या विषाणूचा माग खुद्द मेंदूतच लागला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या नाविया, जॉर्डन व प्राइस या डॉक्टरांनी शवचिकित्सा झालेल्या ७० रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ४६ जणांना हयातीत वाढत जाणारा बुद्धिभ्रंश झाला होता. त्यांनी या अवस्थेस 'एड्स-डिमेन्शिया कॉम्प्लेक्स' हे नाव दिले.

या विकाराची रीत चमत्कारिक आहे. विचार करणाऱ्या चेतापेशींवर हा विषाणू सहसा स्वतः हल्ला करीत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींबरोबर तो मेंदूत शिरतो व तेथील रक्षक पेशींत ठाण मांडतो. मग त्या पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांनी व त्यामुळे होणाऱ्या दाहाने चेतापेशी जखमी होतात. घराच्या पहारेकऱ्यांनीच घराची नासधूस करावी, तसा हा प्रकार होय.

नाव मिळाल्यामुळे रोग्यांचे दुःख खरे ठरले, हा लाभ झाला. परंतु त्यातूनच एक भय उत्पन्न झाले. डिसेंबर १९८७ मध्ये इगॉर ग्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. बाधा झालेल्या पण लक्षणे नसलेल्या १६ जणांपैकी ७ जण चाचण्यांत उणे आढळले, असे त्यात नमूद होते. सोळा माणसे ती किती! तथापि विमान चालविणाऱ्या वा जोखमीचे काम करणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तपासून बाधितांस दूर ठेवावे की काय, हा प्रश्न पुढे आला. मार्च १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनीव्हा येथे तज्ज्ञांची बैठक बोलाविली. एरवी निरोगी असलेला बाधित मनुष्य इतरांहून कामास कमी पडतो असा पुरावा नाही, असा निर्वाळा त्या बैठकीने दिला. १९९० साली सातशेहून अधिक लक्षणरहित बाधितांची तितक्याच अबाधितांशी तुलना झाली, तेव्हा त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. जिनीव्हाचा निर्वाळा अशा रीतीने खरा ठरला.

दरम्यान औषधे आली. १९८७ साली झिडोव्हुडिनला मान्यता मिळाली आणि त्याने बुद्धिव्यापार काहीसा सुधारतो हे १९८८ साली दिसून आले. १९९६ नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ होताच गंभीर बुद्धिभ्रंश विरळ झाला. मग प्रश्न उरला तो सौम्य क्षीणतेचा. २००७ साली नवे निकष ठरले व तीन पायऱ्या कल्पिल्या गेल्या. त्यांतील पहिली पायरी, ज्यांना दैनंदिन व्यवहारात काहीच अडचण नाही पण चाचणीत गुण कमी पडतात, अशांची. २०१० साली अमेरिकेतील १,५५५ बाधितांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ५२ टक्के लोक चाचणीत उणे ठरले. परंतु ज्यांच्या क्षीणतेस इतर प्रबळ कारणे होती त्यांना वगळता गंभीर बुद्धिभ्रंश अवघा २ टक्के होता, आणि ३३ टक्के लोक त्या पहिल्या, बिनतक्रारीच्या पायरीवरचे होते.

येथेच शंकेला जागा आहे. ज्या परीक्षेत विषय पुष्कळ, तीत धडधाकट विद्यार्थीही एखाद-दोन विषयांत मागे पडतो. या निकषांनी तपासल्यास सुमारे पंचमांश निरोगी माणसेही 'क्षीण' ठरतील, असा आक्षेप २०११ पासून घेतला जाऊ लागला. अखेर २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने सांगितले की, केवळ कमी गुणांस क्षीणता म्हणू नये. रोग्याची तक्रार व वैद्याची पाहणी यांची त्यास जोड हवी, आणि विषाणूने मेंदूस केलेली इजा इतर कारणांहून वेगळी ओळखावी.

आपल्या देशात ही बाधा प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली, आणि सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे २००४ पासून मिळू लागली. पुण्यातील रोग बळावलेल्या बाधितांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार सुरू झाल्यावर बुद्धिव्यापार सुधारल्याचे दिसले. त्यात रोग्यांची तुलना येथल्याच अबाधितांशी केली होती, हे महत्त्वाचे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईस परदेशी पदवीधराच्या मापाने मोजले, तर तिची गरिबीच रोग म्हणून नोंदली जावयाची.

आमच्या मते या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. उपचार घेणारा एखादा आप्त 'हल्ली आठवत नाही' म्हणू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. औषधे नियमित चालू आहेत ना, झोप, मधुमेह, रक्तदाब, खिन्नता यांचे काय, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. उलट, ज्याची काही तक्रार नाही त्याच्या बुद्धीवर केवळ रक्ताच्या अहवालावरून संशय घेऊ नये. बाधेच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु कायदा कचेरीच्या दारापर्यंत पोहोचतो; घरात वडील मंडळींच्या किंवा सुनेच्या मताला पूर्वीइतकाच मान द्यावयाचा की नाही, हे घरच्यांनीच ठरवावयाचे असते.