कोला बार्बेक्यू सॉस

कोला बार्बेक्यू सॉस हा कोला किंवा तत्सम शीतपेय, टोमॅटो केचप, व्हिनेगर व मसाले एकत्र आटवून घरी केला जाणारा आंबटगोड सॉस आहे. निखाऱ्यांवर किंवा धुरावर शिजवलेल्या मांसाला, विशेषतः डुकराच्या बरगड्यांना व कोंबडीला, तो लावतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील घरगुती स्वयंपाकात तो परिचित आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत बार्बेक्यू सॉस प्रदेशानुसार बदलतो. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात तो व्हिनेगर व मिरचीचा आणि पातळ असतो, दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा, तर कॅन्सस सिटीत टोमॅटो व मोलॅसिस (साखर तयार करताना उरणारा काळपट पाक) यांचा दाट व गोड असतो. कोलाचा सॉस या शेवटच्या प्रकाराला जवळचा आहे. कोका-कोला १८८६ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे आणि डॉ. पेपर १८८५ साली टेक्सासमधील वेको येथे प्रथम विकले गेले. दक्षिणेतच जन्मलेली ही पेये तेथील हॅमवरच्या लेपात आणि केकमध्येही वापरली जातात.

शीतपेयाचे कार्य

अमेरिकेतील ३५५ मिलिलिटर कोका-कोलाच्या एका डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते, तीही बहुधा मक्यापासून केलेल्या पाकाच्या रूपात. पेय आटताना पाणी निघून जाते व ही साखर दाट होऊन सॉसला चकाकी देते. फॉस्फोरिक आम्लामुळे आंबटपणा येतो आणि कॅरॅमल रंगामुळे तपकिरी छटा. फसफसणारा कार्बन डायऑक्साइड मात्र उकळताच उडून जातो. सॉसमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

साखरविरहित पेय येथे चालत नाही. त्यात आटून दाट होण्यासारखे काही नसते, आणि त्यातील अ‍ॅस्पार्टेमची गोडी दीर्घकाळ उकळल्यास कमी होते.

कृती

एक कप कोला व एक कप केचप यांत पाव कप व्हिनेगर, दोन मोठे चमचे वूस्टरशर सॉस, कांदा-लसणाची पूड, पॅप्रिका, मिरपूड व थोडी मोहरी घालतात. भांडे स्टेनलेस स्टीलचे घेतात, कारण आम्लामुळे साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातून पदार्थाला धातूची चव येऊ शकते. मिश्रण मंद आचेवर, झाकण न ठेवता, अधूनमधून ढवळत अर्धा ते पाऊण तास आटवतात. चमच्याच्या पाठीवर थर टिकू लागला की सॉस तयार झाला असे समजतात. थंड झाल्यावर तो आणखी दाट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवणे बरे. मीठ अखेरीस, चव पाहूनच घालतात. केचप व वूस्टरशर सॉस दोन्ही मुळात खारट असतात आणि आटल्यावर तो खारटपणा वाढतो.

वापर

साखरेच्या प्रमाणामुळे हा सॉस विस्तवावर लवकर करपतो व कडवट होतो. त्यामुळे मांस जवळजवळ शिजल्यावर, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, तो पातळ थरांनी लावतात. कोलामुळे मांस मऊ होते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात आम्लाचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागापुरता राहतो आणि बरगड्यांचा मऊपणा मंद आचेवरील दीर्घ शिजण्यातून येतो.

कच्च्या मांसाला लावलेला ब्रश ज्या सॉसमध्ये बुडवला असेल, तो सॉस पुन्हा नीट उकळल्याशिवाय ताटात वाढत नाहीत. यासाठी वाढण्यापुरता सॉस आधीच वेगळा काढून ठेवतात. उरलेला सॉस झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवला जातो.