पावतीपुस्तक की मतपेटी?

गुरुग्रामला आल्यापासून पाहतो, मानेसरचा २०११ चा संप म्हणजे पगारवाढीचे भांडण, असाच येथील मराठी मंडळींचाही समज आहे. वस्तुतः त्या वर्षी जूनमध्ये मारुती-सुझुकीच्या मानेसर कारखान्यातील कामगार १३ दिवस ठाण मांडून बसले, ते स्वतःच्या वेगळ्या संघटनेसाठी. गुरगावच्या (शहराचे नाव तेव्हा हेच होते) कारखान्यातील जुन्या संघटनेची निवडणूक जुलैत झाली. मानेसरकरांनी तिच्यावर बहिष्कार घातला. नव्या संघटनेचा नोंदणी-अर्ज ऑगस्टमध्ये हरियाणाच्या कामगार खात्याने फेटाळला.

आता नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. १९२६ च्या कायद्याने संघटनेची नोंदणी होई, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन त्यातून येत नसे. हरियाणात मान्यतेचा स्वतंत्र कायदा नव्हता. आपल्याकडे होता, आणि त्याची कथा मुंबईच्या गिरणगावाला चांगलीच ठाऊक आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने सदस्यसंख्येच्या आधारे एकच 'प्रातिनिधिक संघटना' ठरवली जाई. कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी तोच संघ! म्हणूनच हा कायदा रद्द करा, ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेही मतपेटी आणली नाही. लागोपाठ सहा महिने किमान ३० टक्के सदस्यत्व, आणि त्याची पडताळणी औद्योगिक न्यायालयाकडे.

न्या. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगापुढे (१९६९ चा अहवाल) हा वाद आला होता. पडताळणीच्या बाजूने म्हणणे असे, की वर्गणी भरणारा निष्ठावान. एका दिवसाच्या भाषणाने तापलेले मत टिकत नाही. मला यात तथ्य वाटते, पण अर्धेच. पावतीपुस्तकात नाव दिसते, आणि नाव दिसले की ते मालकालाही कळते. एकच कामगार दोन संघटनांच्या पुस्तकांत सापडणे हेही नवलाचे नाही. गुप्त मतदानात निदान त्याला एकच कौल देता येतो, आणि तोही निर्भयपणे. १९९५ मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची रीतसर पद्धत घालून दिली.

२०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाहून अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना. तेवढा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. पाठिंबा मोजायचा तो आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांचा. मानेसरच्या पट्ट्यात कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचा हजेरीपट ठेवतो तो कंत्राटदार.